झोपेची गोळी मेंदूत नेमकं काय करते?

तुमच्यातले बरेच जण हा पॉडकास्ट रात्री अंथरुणात पडून, एका कानात इअरफोन घालून ऐकतात, हे मला माहीत आहे. म्हणून आज थेट त्याच विषयावर बोलू. झोप, आणि झोपेची गोळी.

"झोपच लागत नाही यार, एखादी हलकी गोळी घेतली तर चालेल का?" हा प्रश्न हल्ली वीस-बावीस वर्षांची मुलंमुली अगदी सहज विचारतात. कारणं नेहमीचीच: परीक्षा, नाइट शिफ्ट, ब्रेकअप, घरातले पैशांचे प्रश्न. आणि गोळी मिळायला काही अवघड नसते. आजीच्या औषधांच्या डब्यात एक पट्टी असते, रूममेटकडे अर्धी उरलेली असते. याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येईल, पण मग उद्या तुम्ही दुसऱ्या गोळीचं नाव घेऊन हाच प्रश्न पुन्हा विचाराल. त्यापेक्षा मेंदू झोपायचं कसं ठरवतो ते आधी बघू. मग कुठली गोळी कुठे जाऊन काय करते हे आपोआप कळेल.

त्यासाठी आज आपण जाणार आहोत मणिबेलीला.

मणिबेली का?

मणिबेली हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्याचं गाव. सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवर धरणाकडून नदीनं वर यायला लागलं की महाराष्ट्रातलं पहिलं गाव हेच. या धरणानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, आणि पाणी सर्वांत आधी आलं ते मणिबेलीत. १९९३च्या पावसाळ्यात इथली घरं, शेतं बुडायला लागली. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी मार्च महिन्यात जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली होती. पुढच्या वर्षी, १९९४ला, मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये म्हणून जगभरातल्या संघटनांनी एक जाहीरनामा काढला. त्याचं नाव 'मणिबेली जाहीरनामा'.

आता तुम्ही म्हणाल, याचा झोपेशी काय संबंध? संबंध असा की झोपायच्या आधी मेंदू तीन प्रश्न विचारतो. किती वेळ जागा आहे? आत्ता किती वाजलेत? आणि धोका आहे का? आपल्याकडे झोपेवर बोलणारे बहुतेक जण पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतात. मणिबेलीसारख्या गावाकडे बघितलं की तिसरा विसरता येत नाही.

पहिला प्रश्न: किती वेळ जागा आहे?

तुम्ही जागे असता तेव्हा मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करत असतात. त्या खर्चातून अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. जितका वेळ जागे, तितकं अॅडेनोसिन जास्त, आणि तितका झोपेचा दाब जास्त. दिवसभर डोंगरउतारावरच्या शेतात राबलेला माणूस पाठ टेकताच घोरायला लागतो, त्यात या दाबाचा मोठा वाटा असतो. झोपेत हे अॅडेनोसिन कमी होतं, आणि सकाळी आपण पुन्हा कोरे.

चहा-कॉफी काय करते? त्यातलं कॅफिन अॅडेनोसिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेवर, जाऊन बसतं. जत्रेच्या एसटीत कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतो ना, तसंच. अॅडेनोसिन साठत असतंच, फक्त त्याचा निरोप मेंदूला मिळत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं अर्धं कॅफिन रात्री अकरालाही आत आहे.

दुपारी तीन तास ताणून दिली की रात्री झोप का येत नाही, तेही इथेच कळतं. दाब आधीच सोडून दिलेला असतो.

दुसरा प्रश्न: किती वाजलेत?

डोळ्यांमागून निघणाऱ्या दोन नसा मेंदूखाली जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर साधारण २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. हे आपलं मुख्य घड्याळ. ते रोज थोडं मागे पडतं, कारण त्याचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो. त्याला रोज जुळवायचं काम करतो प्रकाश. डोळ्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र बघणं नाही, उजेड किती आहे ते मोजणं. निळसर उजेडाला त्या जास्त दाद देतात. अंधार पडला की हेच घड्याळ पिनियल ग्रंथीला सांगतं, मेलाटोनिन सोड. मेलाटोनिन म्हणजे झोप नव्हे. ती 'रात्र झाली हो' अशी दवंडी आहे.

सरदार सरोवराची वीजनिर्मिती क्षमता १४५० मेगावॅट, त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. पण ज्या नदीवर ही वीज तयार होते, तिच्या काठच्या सातपुड्यातल्या पाड्यांनी वर्षानुवर्षं अंधारच पाहिला. धडगाव तालुक्यातल्या बिलगावनं २००३ साली धबधब्यावर स्वतःचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. 'स्वदेस' सिनेमातल्या वीज तयार करण्याच्या प्रसंगाशी याच गावाचं नाव जोडलं जातं. २००६च्या पुरात तो प्रकल्प बुडाला.

मग वीज नसलेल्या गावात लोक खूप झोपतात का? याचं उत्तर गमतीशीर आहे. अर्जेंटिनातल्या टोबा आदिवासींच्या दोन वस्त्यांची तुलना २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. एकीकडे वीज होती, दुसरीकडे नव्हती. वीज असलेल्या वस्तीतले लोक हिवाळ्यात सुमारे तासभर कमी झोपत होते. पण त्याच वर्षी आफ्रिका आणि बोलिव्हियातल्या तीन वीज नसलेल्या समाजांचा अभ्यासही आला. तिथे लोक रात्री सरासरी पावणेसहा ते सात तासच झोपत होते. सूर्य मावळल्यावर तीनेक तास जागे, गप्पा, शेकोटी, मग झोप. फरक होता तो तक्रारीत. निद्रानाश तिथे अगदी क्वचित होता, आणि त्यातल्या दोन समाजांच्या भाषेत त्याला शब्दच नव्हता. त्यामुळे 'आठ तास झालेच पाहिजेत' या काळजीनं घड्याळ बघत कुशी बदलू नका. ती काळजी आपल्याला थेट तिसऱ्या प्रश्नाकडे नेते.

त्याआधी एक गोष्ट. नंदुरबारमधून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात जातात. दिवसा तोड, आणि गाडी आली की रात्री-अपरात्री भराई. अॅडेनोसिन म्हणतं झोप, घड्याळ म्हणतं रात्र आहे, आणि मुकादम म्हणतो ऊठ. पुण्यातल्या कॉल सेंटरच्या नाइट शिफ्टमध्ये मेंदूचं जे होतं, तेच इथे होतं. फरक एवढाच की इथे सकाळी एसी खोलीत पडदे ओढून झोपायची सोय नसते.

तिसरा प्रश्न: धोका आहे का?

आपल्या मराठीत एक सुंदर शब्द आहे, जागल. रात्रीची राखण. खानदेशात गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणायचे, आणि हे काम बऱ्याच ठिकाणी भिल समाजाकडे असे. तुमच्या मेंदूतही असा जागल्या आहे.

तो सापडला कसा? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहायचे, काहींना झोपच यायची नाही. व्हिएन्नातल्या कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. ज्यांना झोप येत नव्हती, त्यांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात इजा होती. जे झोपून राहिले, त्यांच्या मागच्या भागात. म्हणजे एकाच छोट्या अवयवात पुढे झोपवणारा आणि मागे जागवणारा. पुढे १९९६ साली झोपवणाऱ्या पेशींचा नेमका पुंजका सापडला. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी जागवणारं रसायन शोधलं, त्याचं नाव ओरेक्सिन.

हे दोघे एकमेकांना दाबतात. झोपवणाऱ्या पेशी गाबा नावाचं रसायन सोडून जागवणाऱ्यांना गप्प करतात, आणि जागवणारे उलट त्यांना. लाइटच्या बटणासारखं, एकतर इकडे नाहीतर तिकडे. ओरेक्सिन हे बटण 'जागा' या बाजूला धरून ठेवतं. ओरेक्सिनच्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, माणूस बोलता बोलता झोपतो. भीती, राग, भूक, चिंता, या सगळ्या गोष्टी जागवणाऱ्या बाजूला बळ देतात. म्हणूनच दोन रात्री जागलेला, अॅडेनोसिननं भरलेला माणूससुद्धा भांडण झालं की टक्क जागा राहतो.

जागा बदलली तरी जागल्या सावध होतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात दिसलं की नव्या ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो, अनोळखी आवाजाला लगेच उठतो. आता विचार करा, ज्याचं घर उठून पत्र्याच्या शेडमध्ये आलं, किंवा जो दर हंगामात नव्या फडावर खोपी टाकतो, त्याचा जागल्या किती वेळा नव्यानं उभा राहत असेल.

आणि आता १९९३चा पावसाळा डोळ्यासमोर आणा. धरणाची भिंत चढतेय, पाऊस चालू आहे, लोक घर सोडायचं नाही असं ठरवून बसलेत. अशा रात्री मेंदूचा तिसरा प्रश्न, धोका आहे का, याचं खरं उत्तर 'हो' हेच आहे. तिथे न येणारी झोप हा आजार नाही. मेंदू त्याचं काम चोख करतोय. त्याला गोळी देऊन गप्प केलं तर पाणी उतरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण गोळ्यांकडे वळतोय.

आता गोळ्या

पहिला गट: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम. यांना बेन्झोडायझेपिन म्हणतात. आजीच्या डब्यातली पट्टी बहुधा यातलीच. हा गट १९६० पासून बाजारात आहे. गाबा हा मेंदूचा ब्रेक. या गोळ्या गाबाच्या रिसेप्टरवर शेजारच्या जागेत बसतात, आणि गाबाचा जोर वाढवतात. पण गाबा फक्त झोपेच्या पुंजक्यात नाही, सगळ्या मेंदूत आहे. म्हणजे ही गोळी जागल्याला समजावत नाही, अख्ख्या गावालाच गुंगी देते. स्मृती, तोल, श्वास, सगळ्यावर थोडाथोडा ब्रेक. झोप लागते, पण त्यातली गाढ झोप उलट कमी होते. काही आठवड्यांत मेंदूला सवय होते, मग तीच गोळी पुरत नाही. आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, थरथर होते, कधी फिट्ससुद्धा येतात.

झोल्पिडेम याच दाराशी जातं, पण त्यातल्या एका प्रकारच्या रिसेप्टरवर जास्त काम करतं. तेही निरुपद्रवी नाही. २०१३ साली अमेरिकेत बायकांसाठी त्याचा डोस निम्मा केला गेला, कारण सकाळी गाडी चालवतानाही ते रक्तात पुरेसं उरलेलं दिसलं. काही लोक त्याच्या अमलाखाली झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडी बाहेर काढतात, आणि सकाळी काही आठवत नाही.

दुसरा गट: अॅलर्जीच्या जुन्या गोळ्या आणि सर्दीची काही सिरप. हिस्टामिन हे जागवणाऱ्या टोळीतलं एक रसायन. या गोळ्या ते अडवतात म्हणून गुंगी येते. ही सवय पटकन लागू होते आणि परिणाम पटकन ओसरतो. बाळ रडतं म्हणून झोपायला सर्दीचं सिरप पाजणं हा प्रकार काही घरांत चालतो. कृपा करून करू नका. लहान बाळाच्या श्वासावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

तिसरा गट: मेलाटोनिन. हे दुसऱ्या प्रश्नाचं औषध. घड्याळ सरकलं असेल, परदेश प्रवास झाला असेल, रोज पहाटे तीनलाच झोप येत असेल, तर योग्य वेळी घेतलेलं उपयोगी पडतं. पण तुमचा प्रश्न काळजीचा असेल, तर नुसत्या दवंडीनं जागल्या झोपत नाही.

चौथा गट: ओरेक्सिन अडवणाऱ्या गोळ्या. यातली पहिली, सुव्होरेक्संट, अमेरिकेत २०१४ला मंजूर झाली. ही ब्रेक दाबत नाही, जागल्याचा आवाज कमी करते. कल्पना चांगली आहे, तरी दुसऱ्या दिवशीची गुंगी इथेही असते.

आणि एक आपल्या मातीतली गोष्ट. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं झोपेसाठी आणि उन्मादावर वापरली गेली. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरचे तिचे परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ला त्यातून रेसर्पिन वेगळं केलं गेलं. ते काय करतं? जागवणाऱ्या रसायनांच्या पेशीतल्या साठवणीच रिकाम्या करतं. माणूस शांत होतो, पण काही रुग्ण खोल उदास व्हायला लागले. म्हणून 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' असं कुणी म्हणालं तर सर्पगंधा आठवा.

जिथे जीव जाऊ शकतो

इथे जरा लक्ष द्या. दारूही त्याच गाबाच्या ब्रेकवर पाय देते. मोहाची असो नाहीतर ब्रँडेड, मेंदूला फरक नाही. गोळी आणि दारू एकत्र म्हणजे एका ब्रेकवर दोन पाय, आणि त्यात श्वास थांबू शकतो. ट्रामाडोलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांबरोबरही तोच धोका.

नंदुरबारसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. भिल, पावरा समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या रुग्णाला रात्री वेदना उठतात, झोप मोडते, आणि काहींचा झोपेत ऑक्सिजनही खाली जातो. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी आणखी वाकड्या होतात. अशा माणसाला 'झोप येत नाही ना, घे ही' म्हणून श्वास मंदावणारी गोळी देणं घातक ठरू शकतं. त्याला झोपेचं नाही, वेदनेचं आणि श्वासाचं औषध हवं, डॉक्टरांकडून. आणि जिथे दवाखाना बोटीनं यायचा, तिथे रात्री दोन वाजता चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

म्हणूनच मार्च २०१४ पासून यातल्या बऱ्याच गोळ्या 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. पट्टीवर लाल चौकटीत इशारा असतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, आणि मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असते. कुणी बिनचिठ्ठीची देत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाहीये.

मग करायचं काय?

गोळीला जागा आहे. थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एखाद्या मोठ्या आघातानंतर ती खूप मदत करते. जे आधीच रोज घेतायत त्यांनी आज हे ऐकून एकदम बंद करू नका. डॉक्टरांना भेटून डोस हळूहळू उतरवा.

पण महिनोन्महिने चालणाऱ्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनंही सवयी आणि विचार बदलणारी थेरपी आधी करा असंच सांगितलं. तिचं सार आपल्या तीन प्रश्नांत बसतं.

पहिल्या प्रश्नासाठी: दुपारची मोठी झोप टाळा, दुपारनंतर चहा कमी करा, आणि झोप येईल तेव्हाच आडवे व्हा. वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत जा. अंथरूण म्हणजे कुशी बदलायची जागा अशी मेंदूची समजूत होऊ देऊ नका.

दुसऱ्यासाठी: झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. रात्री फोनचा उजेड कमी.

तिसऱ्यासाठी: जागल्याशी बोला. उद्याची कामं आणि काळजी संध्याकाळीच कागदावर काढा. आणि धोका खरा असेल तर, घरात मारहाण, कर्जाचा तगादा, हॉस्टेलमधला त्रास, तर इलाज तिथे आहे. कुणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

एक शेवटचा अभ्यास सांगतो. टांझानियातल्या हाड्झा लोकांच्या ३३ जणांच्या झोपेची २० दिवस नोंद घेतली. त्या सगळ्या काळात सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत अशी वेळ मोजून १८ मिनिटं होती. बाकी वेळ कुणी ना कुणी जागं, नाहीतर अर्धवट झोपेत. म्हणजे माणूस शांत झोपतो तो दुसरं कुणीतरी जागं आहे म्हणून. शेताच्या माळ्यावरची पाळी, बाळंतिणीजवळ बसलेली आजी, पाण्याच्या काठी आळीपाळीनं जागणारं गाव, हे सगळं तेच आहे. तुमच्या खोलीत, घरात कुणी रात्र-रात्र जागत असेल तर त्याला पट्टी देण्याआधी एवढं विचारा: तुला कशाची राखण करावी लागतेय? आणि जमलं तर त्यातली एक पाळी तुम्ही घ्या.

हा भाग घरात झोपेची गोळी घेणाऱ्या कुणाला तरी नक्की ऐकवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!